बुकमार्कचं लॅमिनेशन: गरम की थंड?

दोन बुकमार्क शेजारी ठेवले, एक गरम लॅमिनेशनचा आणि एक थंड, तर पटकन फरक कळत नाही. दोन्ही गुळगुळीत, चकचकीत, आत तेच वाळलेलं फूल. म्हणून बरेच जण हाताला लागेल ते वापरतात आणि फूल काळं का पडलं याचा विचार करत बसतात.

फरक आहे गोंदात. गरमच्या पाऊचला, म्हणजे एका कडेला जोडलेल्या दोन फिल्मच्या पाकिटाला, बाहेरून पॉलिएस्टरची फिल्म असते आणि आतून ईव्हीए नावाच्या गोंदाचा थर. बोट फिरवलं तरी तो चिकटत नाही. मशीनच्या तापलेल्या रोलरमधून, साधारण १०० अंश सेल्सिअसच्या वर, पाऊच गेला की हा थर वितळतो, कागदाला आणि पाकळीला बिलगतो आणि गार होता होता घट्ट धरतो. थंड फिल्मचा गोंद मुळातच चिकट असतो. मागचा कागद सोलायचा, फिल्म लावायची आणि दाबायची. इथे सगळी भिस्त दाबावर.

मशीनवर ‘थंड’ असं बटण दिसलं की घोटाळा होतो. त्या बटणावर गरमचा पाऊच घातला तर तो न चिकटता तसाच बाहेर येतो. फार तर वैताग होतो. उलटं केलं, म्हणजे थंड फिल्म तापलेल्या मशीनमध्ये घातली, तर गोंद पातळ होऊन रोलरला लागू शकतो. मग बुकमार्क राहतो बाजूला आणि मशीन साफ करण्यात वेळ जातो.

पानाफुलांच्या बाबतीत खरी परीक्षा ओलाव्याची. फूल हाताला कोरडं लागतं, पण देठात आणि फुलाच्या मधल्या गाठीत पाणी दडलेलं असतं. गरम मशीनमध्ये त्याची वाफ होते, बाहेर पडायला वाट नसते, आणि पाकळीभोवती बुडबुडे उठतात. हिरवं पान तर उष्णतेने शेवाळी, तपकिरी होतं, कारण त्यातलं हरितद्रव्य तापल्यावर बदलतं. माझं पहिलं पान असंच गेलं. चार दिवस वहीत दाबून ‘झालं वाळून’ म्हटलं, आणि मशीनमधून उकडलेल्या पालेभाजीच्या रंगाचं काहीतरी बाहेर आलं.

थंड फिल्म असा राग लगेच काढत नाही. त्या दिवशी बुकमार्क झकास दिसतो. ओलावा मात्र आत कोंडलेलाच राहतो. काही आठवड्यांनी डाग पडतात, कधी बुरशी धरते. त्यामुळे ‘थंडमध्ये अर्धवट वाळलेलं चालतं’ हे मला अजिबात पटत नाही. गरम चूक तिथल्या तिथे दाखवतं, थंड उशिरा दाखवतं, एवढंच. शोषून घेणाऱ्या कागदात, जड पुस्तकांखाली दोन ते चार आठवडे ठेवा, मधे कागद बदला. मग पाकळी गालाला लावून बघा. गार लागली तर आत पाणी आहे.

जाडीचंही तसंच. देठ, बी, जाड लेस यांच्या कडेने फिल्म पुरती खाली बसत नाही आणि हवेची पांढुरकी रेघ राहते. वितळलेला गोंद अशा खाचांत थोडाफार शिरतो, म्हणून बारीक देठाला गरम बरं. जास्त जाड वस्तू दोन्हीकडे नकोच. देठ ब्लेडने उभा चिरून अर्धा घ्या.

काही वस्तूंना मात्र थंडच हवं. मेणाच्या खडूने रंगवलेलं चित्र गरममध्ये पसरतं. प्लॅस्टिकच्या टिकल्या वाकड्या होऊ शकतात. आणि आठवण म्हणून जपलेलं तिकीट थर्मल कागदावरचं असेल तर विसराच! त्या कागदावर छपाई उष्णतेनेच होते, त्यामुळे तिकीट मशीनमधून अख्खं काळं होऊन येतं. शंका असेल तर कोपऱ्यावर नख जोरात घासा. काळी रेघ उठली तर तो थर्मल.

पूर्ण वाळलेली, चपटी पानंफुलं असतील तर मी गरमच घेते. १२५ मायक्रॉन जाडीचा पाऊच बुकमार्कला पुरेसा ताठ होतो, २५० चा पुस्तकात पाटीसारखा टोचतो. पाऊचची बंद कड आधी आत सारायची. रंग टिकण्याच्या बाबतीत दोन्ही सारखेच: उन्हात ठेवले तर दोन्ही फिके पडतात.

कापताना कागदाच्या चारही बाजूंनी ३ ते ५ मिलिमीटर नुसती फिल्म सोडा, नाहीतर कडेने हवा आणि ओल आत शिरते. गोंड्याच्या भोकाचंही हेच गणित. लॅमिनेट करण्याआधी कागदाला मोठं भोक पाडा आणि नंतर त्याच्या मधोमध, नुसत्या फिल्ममधून, लहान भोक पाडून दोरा ओवा.