पत्र्याचा झोल, आरशाचा झोल

उन्हाळ्यात आमच्या परभणीकडच्या आखाड्यावर गोठ्याचे पत्रे चढवत होते. सोळा फुटी पत्रा दोघांनी टोकांना धरला की मधोमध झोल यायचा. मग आणखी दोघं खाली शिरले, जिथं जितका लागेल तितका हाताचा रेटा दिला, आणि पत्रा सरळ झाला. मोठ्या दुर्बिणींचं कसब मला त्या हातांत दिसलं.

दुर्बिणीच्या मुख्य आरशालाही झोल येतो. दुर्बीण डोक्यावरून क्षितिजाकडे कलली की वजनाची दिशा बदलते आणि काच वाकते. केसाच्या जाडीचा हजारावा भाग इतकीच वाकली, तरी ताऱ्याचा ठिपका पसरतो.

यावर जुना उपाय म्हणजे काच जाड करणं. रशियातल्या 6 मीटर दुर्बिणीचा आरसा 42 टनांचा आहे. एवढी काच उन्हात तापलेल्या स्लॅबसारखी रात्रीही लवकर निवत नाही, आणि तिच्यावरून उठणारी गरम हवाच चित्र बिघडवते.

दुर्बिणी घडवणारे तज्ज्ञ रेमंड विल्सन यांनी नेमकं उलट केलं. काच वाकणारच, तर तिला पातळच ठेवू आणि वाकेल तशी सरळ करत राहू! चिलीतल्या ला सिया इथं 1989 मध्ये त्यांची दुर्बीण सुरू झाली. आरसा 3.58 मीटर व्यासाचा, जाडी फक्त 24 सेंटीमीटर, खाली 75 आधार. एका ताऱ्याचा प्रकाश अर्धा-एक मिनिट साठवायचा. तेवढ्या वेळात हवेची थरथर एकमेकींत जिरते आणि उरतो तो आरशाचा स्वतःचा दोष. तो मोजून संगणक कुठल्या आधारानं किती रेटायचं ते ठरवतो. याला ॲक्टिव्ह ऑप्टिक्स म्हणतात.

मला यातली सर्वांत विलक्षण वाटते ती पुढची गोष्ट. हा आरसा घासतानाच चुकीच्या आकाराचा झाला होता. पुढच्याच वर्षी अवकाशात गेलेल्या हबल दुर्बिणीच्या आरशातही तशीच चूक निघाली, आणि तिच्यावर इलाज करायला 1993 मध्ये अंतराळवीरांना वर जावं लागलं. इथं मात्र आधारांनीच ती चूक सावरली. पहिल्या चित्रांत ताऱ्याचा ठिपका 0.33 विकलेचा आला (विकला म्हणजे एका अंशाचा 3600वा भाग). म्हणजे संभाजीनगरातून पंधराएक किलोमीटरवरच्या देवगिरी किल्ल्यावर ठेवलेलं अडीच सेंटीमीटरचं नाणं दिसावं, एवढासा.

आपल्याकडे नैनीतालजवळ देवस्थळला 2016 पासून 3.6 मीटरची दुर्बीण आहे. तिचा आरसा आणखी पातळ, साडेसोळा सेंटीमीटरचा, आणि त्याला आकारात ठेवायला 69 आधार आहेत.

हवेची थरथर मात्र या हातांनी आवरत नाही. मे महिन्यात माळवदावर अंथरूण टाकून पडलं की क्षितिजालगतचे तारे लुकलुकताना दिसतात, ती हीच थरथर. तिच्यासाठी वेगळा, छोटा आणि लवचिक आरसा लागतो, सेकंदाला शेकडो वेळा आकार बदलणारा. त्याचं नाव ॲडाप्टिव्ह ऑप्टिक्स. पण त्याच्यापर्यंत पोचणारा प्रकाश आधी मोठ्या आरशावरून येतो, म्हणून तिथला झोल आधी काढावा लागतो.