ब्रेक उशिरा म्हणजे वेग जास्त? नाही!

रत्नागिरी, चिपळूण, कुडाळकडे घरी स्टिअरिंग-पेडल लावून रेसिंग सिम्युलेटरवर गाडी पळवणाऱ्या मुलांमध्ये एक समज पक्का बसलाय: जो सगळ्यात उशिरा ब्रेक मारतो, तोच सगळ्यात वेगवान. हे खरं नाही.

हिशोब बघा. ताशी २०० किमी वेगात गाडी सेकंदाला साधारण ५५ मीटर जाते. ब्रेक ५ मीटर उशिरा दाबलात, तर वाचतो सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळ. त्यापायी गाडी वळणात बाहेर फेकली गेली, तर ॲक्सिलरेटर उशिरा दाबावा लागतो आणि तो तोटा पुढच्या सरळ पट्ट्यावर लांबपर्यंत भोगावा लागतो. इटलीतल्या मोंझा रेसट्रॅकचं शेवटचं वळण, पॅराबोलिका, घ्या. त्यापुढे एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आहे. तिथे वळणातून बाहेर पडतानाचा वेग लाखमोलाचा.

टायरची पकड मर्यादित असते. ती सगळी ब्रेकिंगमध्ये खर्च केली तर वळायला उरत नाही. स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच जाते. म्हणून जाणकार आधी जोरात ब्रेक दाबतात आणि वळणात शिरताना पाय हळूहळू उचलतात. पुढच्या चाकांवर भार राहतो, गाडीचं नाक आत वळतं. हेच ट्रेल ब्रेकिंग, आणि माझ्या मते शिकण्यासारखी सगळ्यात सुंदर गोष्ट.

यातलं काहीही परशुराम किंवा आंबा घाटात करू नका, कळकळीने सांगतो. पावसात पकड आणखी घटते आणि वळणापलीकडची एसटी दिसत नाही.

सिम्युलेटरवर मात्र नेहमीच्या ट्रॅकवर ब्रेक १० मीटर आधी दाबा आणि लॅपची, म्हणजे एका फेरीची, वेळ ताडून बघा.