परसातील फरसबंदी

घरामागच्या मोकळ्या जागेत बसण्या-उठण्यासाठी, जेवणासाठी किंवा मुलांच्या खेळण्यासाठी केलेली, छप्पर नसलेली पक्की जमीन. हिलाच पॅटिओ असेही म्हणतात. ती दगडाची, विटांची, फरशीची अशी कशीही करता येते. पण घरोघरी दिसणारे प्रकार मुख्यतः दोन : जागेवर ओतलेला काँक्रीटचा कोबा आणि कारखान्यात तयार झालेले पेव्हर ब्लॉक. दोन्हींत सिमेंटच असले तरी त्यांची वागणूक वेगळी. कोबा एकसंध आणि ताठ असतो. खालची जमीन असमान खचली की तो तडकतो. पेव्हर सुटे असतात. ते जमिनीबरोबर थोडे खालीवर होतात, पण फुटत नाहीत.

पोर्टलंड सिमेंटचे, म्हणजे आजच्या नेहमीच्या सिमेंटचे, एकस्व (पेटंट) जोसेफ अ‍ॅस्पडिन या इंग्रज गवंड्याने १८२४ मध्ये घेतले. काँक्रीटचे पेव्हर त्यामानाने अलीकडचे. दुसऱ्या महायुद्धानंतर नेदरलँड्समध्ये रस्त्यांच्या विटांना पर्याय म्हणून ते वापरात आले आणि तेथून इतरत्र पसरले.

पाया व उतार : फरसबंदी बिघडते ती बहुधा खालून, आणि बिघडवते ते पाणी. म्हणून खोदाईपूर्वीच पाणी कुठून येईल आणि कुठे जाईल हे ठरवावे लागते. पृष्ठभागाला घरापासून दूर, दर मीटरला १ ते २ सेंमी. उतार देतात, ४ मी. रुंदीच्या जागेत दोन कडांच्या पातळीत ४ ते ८ सेंमी. फरक पडतो. पाणसळीचा बुडबुडा अगदी मधोमध आला, म्हणजे उतारच नसला, तर इथे काम चुकले असे समजावे. तयार पृष्ठभाग भिंतीतल्या ओलरोधक थरापेक्षा साधारण १५ सेंमी. खाली ठेवतात, नाहीतर पावसाचे उडणारे पाणी भिंतीत मुरते. आखणी खुंट्या आणि लाइनदोरीने होते. काटकोन ३-४-५ च्या मापाने (दोन बाजू ३ व ४, तर कर्ण ५) तपासतात. जमिनीखालून गेलेल्या वायरी व नळ यांची माहिती कुदळ मारण्याआधी काढलेली बरी.

मुळे आणि काळी सुपीक माती पूर्ण काढून टाकतात, कारण सेंद्रिय पदार्थ कुजला की पोकळी राहते. तळ धुम्मसाने ठोकून घट्ट केल्यावर १० ते १५ सेंमी. जाडीचा खडीचा थर येतो. ही खडी एकाच आकाराची नको. मोठ्या दगडांच्या फटीत बारीक कच बसली तरच थर घट्ट होतो. एका वेळी ७ ते १० सेंमी.च थर पसरून, किंचित पाणी मारून दाबावा लागतो. सगळी खडी एकदम टाकून वरून यंत्र फिरवले, तर वरचा भाग कडक आणि खालचा भुसभुशीत राहतो. चिकणमातीची जमीन पावसात फुगते व उन्हात आकसते. तिथे माती आणि खडी यांच्यात जिओटेक्स्टाइलचे कापड अंथरतात, म्हणजे खडी चिखलात रुतत नाही.

पेव्हर बसवणे : माणसांच्या वापरासाठी ६० मिमी. जाडीचे ठोकळे पुरतात. गाडी येणार असेल तर ८० मिमी.चे घेतात. खडीवर जाड, धुतलेल्या वाळूचा २५ ते ३० मिमी. थर असतो. सारख्या जाडीच्या दोन नळ्या ठेवून त्यांवरून पट्टी ओढली की तो एकसारखा होतो. त्यानंतर त्यावर पाय द्यायचा नाही आणि तो दाबायचाही नाही. खडीतले खळगे वाळूने बुजवण्याची सवय मात्र फार महागात पडते : जिथे वाळू जाड, तिथेच पुढे खड्डा पडतो आणि पाणी साचते. वाळूत सिमेंट मिसळण्याचीही पद्धत आहे. पण त्याने थर कडक होतो, पाणी मुरत नाही आणि सुट्या ठोकळ्यांचा मूळ फायदाच जातो.

ठोकळ्यांमध्ये २ ते ५ मिमी. फट ठेवतात. पट्टे सरळ जुळवले तर दिसायला सोपे. पण भार वाटून घेण्यात एकमेकांना काटकोनात अडकणारी हेरिंगबोन रचना सरस ठरते. रंग मिसळून यावा म्हणून तीन-चार वेगवेगळ्या थप्प्यांतून ठोकळे उचलतात. २०० × १०० मिमी. आकाराचे ठोकळे चौरस मीटरला ५० लागतात. म्हणजे ४ × ५ मी. जागेला १,०००, आणि तोडफोडीसाठी ५ ते १० टक्के जादा. कापताना पाणी वापरावे. कोरड्या कापणीतली सिलिकाची धूळ फुप्फुसांना घातक असते.

कडा पक्क्या नसतील तर बाकीची मेहनत वाया जाते. काठचे ठोकळे बाहेर सरकले की फटी रुंदावतात आणि रचना सैल पडते. म्हणून कडेला काँक्रीटची पाळ किंवा खिळ्यांनी रोवलेली पट्टी देतात. मग दाबयंत्र फिरवून ठोकळे वाळूत बसवतात, कोरडी बारीक वाळू झाडूने फटींत भरतात आणि पुन्हा यंत्र फिरवतात. ठोकळ्यांना जखडून ठेवते ती ही फटीतली वाळूच.

कोबा : नेहमीच्या वापराला १० सेंमी. जाडी पुरते, ४ × ५ मी. साठी २ घनमीटर काँक्रीट लागते. माल पसरायला सोपा जावा म्हणून जास्त पाणी ओतले की ताकद घटते आणि वरचा थर पुढे भुकटीसारखा सुटतो. ओतल्यावर वर आलेले पाणी आटेपर्यंत रंधा फिरवू नये. ते लवकर टिपावे म्हणून सुके सिमेंट भुरभुरणे तर त्याहून वाईट. गुळगुळीत कोबा पावसात निसरडा होतो, म्हणून ओल्यावरच झाडू ओढून खरखरीत करतात.

काँक्रीट आकसतेच; तडा टाळण्यापेक्षा तो कुठे जावा हे ठरवणे हातात असते. त्यासाठी दर २.५ ते ३ मीटरवर जाडीच्या एक-चतुर्थांश खोल खाचा पाडतात आणि भिंतीलगत दबणाऱ्या पट्टीचा सांधा ठेवतात. लोखंडी जाळी घातली तरी तडे थांबत नाहीत, फक्त रुंदावत नाहीत. आणि ती कव्हर ब्लॉकवर (जाळीखाली ठेवायच्या छोट्या ठोकळ्यांवर) उचलून धरली तरच. किमान सात दिवस कोबा ओला ठेवावा लागतो. ओल्या सिमेंटने कातडी भाजते, त्यामुळे हातमोजे व गमबूट हवेत.

जुन्या कोब्यावर पेव्हर बसवता येतात. पातळी साधारण ९ सेंमी. वाढते, त्यामुळे दाराचा उंबरा आधी मोजावा. कोब्याच्या सखल बाजूला भोके पाडून पाण्याला वाट द्यावी. कोबा खचलेला असेल तर हा खर्च करू नये.

निगा : नव्या पेव्हरवर काही महिने पांढरे क्षार फुलतात, बहुधा ते आपोआप जातात. फटीतली वाळू वाहून गेली की पुन्हा भरावी लागते, म्हणजे तणही कमी उगवते. खचलेला पेव्हर उचलून, खालची खडी नीट करून तोच परत बसवता येतो. कोब्यातील ठिगळ मात्र रंगाने कायम वेगळे दिसते.