आलँ रॉब-ग्रिये

(१८ ऑगस्ट १९२२ – १८ फेब्रुवारी २००८). फ्रेंच कादंबरीकार, पटकथालेखक आणि चित्रपट-दिग्दर्शक. १९५०नंतर फ्रान्समध्ये ‘नूव्हो रोमाँ’ म्हणजे नवकादंबरी या नावाने जे लेखन गाजले, त्याचा तो सर्वांत ठाम पुरस्कर्ता. साहित्याकडे तो शेतकी शास्त्रातून आला. ही नुसती चरित्रातली गंमत नव्हे. मोजणे, ओळी लावणे, कोन टिपणे या सवयी त्याच्या गद्यात शेवटपर्यंत राहिल्या आणि पुढे कॅमेऱ्यामागेही आल्या.

जन्म ब्रिटनीतल्या ब्रेस्ट या बंदराच्या गावी. घरचे वातावरण कडव्या उजव्या विचारांचे आणि दुसऱ्या महायुद्धात जर्मनीशी हातमिळवणी करणारा फ्रेंच सत्ताप्रमुख पेताँ याच्या समर्थनाचे होते. हे त्याने पुढे स्वतःच आत्मकथनात मोकळेपणाने लिहिले. त्या युद्धात, पॅरिसच्या राष्ट्रीय कृषिसंस्थेत शिकत असताना, सक्तीच्या मजुरीसाठी त्याला जर्मनीत न्यूरेंबर्गला धाडण्यात आले आणि तिथे तो कारखान्यात लेथवर राबला. युद्धानंतर काही काळ राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेत नोकरी केली. मग वसाहतींतील फळांवर संशोधन करणाऱ्या संस्थेसाठी मोरोक्को, गिनी, ग्वादलूप, मार्तिनिक येथे केळीवरील रोगांचा अभ्यास केला. पहिली कादंबरी ‘अँ रेजिसीद’ १९४९मध्ये लिहून झाली होती, पण गालिमार या प्रकाशनाने ती परत केली. ती छापली गेली १९७८मध्ये. १९५१मध्ये आजारी पडून मायदेशी परतताना बोटीवर त्याने दुसरी लिहायला घेतली. ती ‘ले गॉम’ (खोडरबरे), मिन्युई प्रकाशनाने १९५३मध्ये काढली.

वरवर ती पोलिसी कथा आहे. व्हालास नावाचा तपासनीस एका खुनाचा छडा लावायला शहरात येतो. प्रत्यक्षात खून झालेलाच नसतो. चोवीस तासांनी तो खून घडतो, तो व्हालासच्याच हातून. अजाणता बापाचा खून करणारा ग्रीक राजा ईडिपस, त्याची कथा पानापानांत दडवलेली आहे. व्हालास दुकानोदुकानी जे खोडरबर शोधतो, त्याच्या नावाची फक्त मधली अक्षरे त्याला आठवतात आणि ती ईडिपसच्या फ्रेंच नावात बसतात. याच कादंबरीत उपाहारगृहातल्या टोमॅटोच्या एका फोडीचे वर्णन आहे. फोड निर्दोष असल्याचे आधी सांगितले जाते. गर, बिया, साल यांचा रंग आणि जाडी नोंदवली जाते. शेवटी कळते की एका टोकाला साल किंचित सुटून वर आली आहे. समीक्षक रोलाँ बार्थने १९५४च्या लेखात या वस्तुनिष्ठ दृष्टीचे महत्त्व सांगितले. मात्र रॉब-ग्रियेला नुसता वस्तूंचा लेखक समजणे चूक आहे. त्याचे वर्णन जसजसे नेमके होत जाते, तसतसा वाचकाचा त्यावरचा विश्वास डळमळतो.

‘ल व्वायर’मध्ये (१९५५) हे तंत्र कथेच्या कण्यात बसले. मातियास हा घड्याळविक्रेता बेटावर येतो, परतीच्या बोटीपर्यंतच्या वेळाला घड्याळांच्या संख्येने भागतो आणि एका विक्रीला किती मिनिटे मिळतील याचा हिशेब मांडतो. त्या दिवसातला सुमारे तासभर हिशेबात येतच नाही, आणि त्याच वेळेत एक मुलगी मारली गेलेली असते. गुंडाळलेली सुतळी, भिंतीतल्या लोखंडी कड्यांचे ठसे, इंग्रजी आठच्या आकड्यासारखे आकार पुन्हा पुन्हा येतात. गुन्हा मात्र एकदाही दाखवला जात नाही. या पुस्तकाला समीक्षकांचा पुरस्कार मिळाला, आणि त्यावरून परीक्षकांत भांडणही जुंपले.

सर्वांत आधी वाचावी ती ‘ला जालूझी’ (१९५७). या फ्रेंच शब्दाचे दोन अर्थ आहेत: मत्सर, आणि खिडकीची झिलमिली, म्हणजे आडव्या फटींची झडप. केळीच्या मळ्यातला बंगला, ‘आ’ एवढ्याच आद्याक्षराने ओळखली जाणारी बायको आणि वारंवार येणारा शेजारी फ्रांक एवढाच ऐवज. नवरा हाच निवेदक आहे, पण ‘मी’ हा शब्द पुस्तकभर येत नाही. तो आहे हे ओळखायचे मोजदाद करून: व्हरांड्यात खुर्च्या किती, टेबलावर ताटे किती, पेले किती. दोघांच्या बोलण्यात तिसरे ताट मांडलेले दिसले, की बघणारा सापडला.

नवखा वाचक बहुधा दोन ठिकाणी अडतो. पहिले केळीच्या खुंटांची मोजणी. पट्टा नेमका आयताकृती असता तर दुसऱ्या ओळीत बावीस खुंट आले असते, नेमका समलंब असता तरी बावीसच, आणि प्रत्यक्षात बावीसच आहेत, असा हिशेब परिच्छेदच्या परिच्छेद चालतो. ते कंटाळून गाळले तर कादंबरी हातची जाते. बायको आणि फ्रांक बंदराच्या गावी गेले आहेत, गाडी बिघडली म्हणून रात्री परतलेले नाहीत, आणि ज्याला त्या रात्रीचा विचार सोसवत नाही तो माणूस खुंट मोजतो आहे. दुसरा अडसर भिंतीवर चिरडलेल्या गोमेचा. हा प्रसंग अनेकदा येतो. गोम दर वेळी थोडी मोठी, चिरडणाऱ्याचा आवेश वेगळा, एकदा तर जागाही हॉटेलच्या खोलीची. यातला खरा प्रसंग कोणता आणि आधी काय घडले याची तारीखवार यादी करू गेल्यास ती जुळत नाही. ती जुळू नये अशीच रचना आहे. यादी करण्यापेक्षा दर फेरीत काय बदलले एवढे पाहावे. मत्सर वाढल्याची खूण तिथे सापडते, कारण भावनेचे नाव लेखक कुठेच घेत नाही.

मे १९५७मध्ये ‘ल माँद’ या दैनिकात समीक्षक एमिल आंरियोने या कादंबरीचा आणि लेखिका नाताली सारोतच्या ‘त्रोपिस्म’चा एकत्र समाचार घेतला आणि ‘नूव्हो रोमाँ’ हा शब्द टीकेच्या सुरात वापरला. पुढे तोच या लेखकांचे नाव होऊन बसला. १९५५पासून तीसेक वर्षे रॉब-ग्रिये मिन्युईमध्ये प्रकाशक जेरोम लँदाँचा साहित्य-सल्लागार होता. त्याचे निबंध ‘पूर अँ नूव्हो रोमाँ’मध्ये (१९६३) एकत्र आले. जग अर्थपूर्णही नाही आणि निरर्थकही नाही, ते केवळ आहे, हे त्यातले मुख्य म्हणणे. त्यामुळे डोंगराला ‘कुशीत घेणारा’ म्हणण्यासारखी, निसर्गावर माणसाचे मन लादणारी विशेषणे त्याने वर्ज्य मानली.

चित्रपटाकडे तो आला ‘लाने देर्निएर आ मारियांबाद’च्या (१९६१) पटकथेमुळे. दिग्दर्शक आलँ रेने. पटकथेत प्रत्येक चित्रचौकट, कॅमेऱ्याची चाल आणि ध्वनी लिहून दिलेला होता. रेनेने बहुतांशी तसेच चित्रण केले, तरी दोन फरक मोठे आहेत. बलात्काराच्या प्रसंगाऐवजी त्याने हात पसरून उभ्या नायिकेकडे पुन्हा पुन्हा धावणारा, अतिप्रकाशित कॅमेरा ठेवला. आणि लेखकाला हव्या असलेल्या खडबडीत, तुटक ध्वनींऐवजी ऑर्गनचे संगीत घेतले. चित्रपटाला व्हेनिस चित्रपट-महोत्सवाचा सुवर्णसिंह हा पुरस्कार मिळाला. त्यातला काड्यांचा खेळ आजही खेळला जातो. १, ३, ५, ७ अशा ओळी लावायच्या, एका वेळी एकाच ओळीतून हव्या तितक्या काड्या उचलायच्या, शेवटची काडी ज्याच्या वाट्याला येईल तो हरला. या मांडणीत न चुकता खेळल्यास दुसऱ्या खेळाडूला सुरुवात करणाऱ्याला हरवता येते.

स्वतःच्या दिग्दर्शनातला पहिला चित्रपट इस्तंबूलमधला ‘लिमॉर्तेल’ (१९६३). प्रतिमेला फक्त वर्तमानकाळ असतो, ‘तो गेला होता’ हे पडद्यावर दाखवता येत नाही, हे सूत्र धरून त्याने आठवण, कल्पना आणि घटना एकाच पातळीवर ठेवल्या. ‘ट्रान्स-यूरोप-एक्स्प्रेस’मध्ये (१९६६) तो स्वतः आगगाडीच्या डब्यात बसून अमली पदार्थांच्या वाहकाची गोष्ट रचतो. सोबतची सहायिका विसंगती दाखवते आणि पडद्यावरची गोष्ट मागे जाऊन दुरुस्त होते. पद्धत समजून घ्यायला यापेक्षा सोपा चित्रपट नाही. स्लोव्हाकियात चित्रित झालेल्या ‘लॉम की मां’मध्ये (१९६८) नायक गोळी लागून पडतो, उठून कपडे झटकतो आणि खोटे सांगू लागतो, या भूमिकेसाठी जाँ-लुई त्रँतिन्याँला बर्लिन चित्रपट-महोत्सवात रौप्य अस्वल हा पुरस्कार मिळाला. पहिला रंगीत चित्रपट ‘लेदेन ए आप्रे’ (१९७०) बारा सूत्रांच्या पुनरावृत्तीवर उभा आहे. त्याच्याच चित्रणातून दूरचित्रवाणीसाठी त्याने वेगळ्या क्रमाचा दुसरा चित्रपट जुळवला आणि पहिल्याच्या फ्रेंच नावातील अक्षरांशी खेळ करून त्याला नाव दिले. संगीतकार मिशेल फानोने या चित्रपटांत ध्वनीला चित्राच्या दावणीतून सोडवले.

१९७०नंतरच्या कामात स्त्रीदेहावरील हिंसेच्या कल्पना वाढत गेल्या. रूढ प्रतिमांची मोडतोड हा त्याचा खुलासा सर्वत्र पटत नाही. ‘ग्लिसमां प्रोग्रेसिफ द्यू प्लेझीर’सारख्या (१९७४) चित्रपटात मोडतोड आणि उपभोग यांतली रेघ पुसट होते. अल्पवयीन मुलींवरील अत्याचारांची वर्णने असलेली ‘अँ रोमाँ सांतिमांताल’ (२००७) तर प्लास्टिकमध्ये बंद करून, पाने न कापता विकावी लागली. उत्तरकाळातले टिकाऊ काम दुसरीकडे आहे: अमेरिकी विद्यार्थ्यांच्या फ्रेंच पाठ्यपुस्तकातून निघालेली, क्रियापदांच्या रूपांची पायरी चढत जाणारी ‘जिन’ (१९८१), आणि आत्मकथन व कल्पित यांची वीण असलेले ‘ल मिर्वार की रव्ह्यँ’ (१९८५).

२००४मध्ये फ्रेंच अकादमीने त्याला ३२व्या आसनावर निवडले. अकादमीच्या सदस्यांचा हिरवा गणवेश घालायला आणि प्रवेशाचे भाषण आधी तपासणीला द्यायला त्याने नकार दिला. त्यामुळे स्वागतसमारंभ झालाच नाही. नॉर्मंडीतल्या कां (Caen) येथे त्याचे निधन झाले तेव्हाही तो निवडलेला, पण विधिवत प्रवेश न झालेला सदस्य होता.