हाताने वायर केलेला दुभागी कीबोर्ड: मधल्या केबलच्या वादाची पार्श्वभूमी

दोन हातांसाठी कीबोर्डचे दोन भाग असावेत, हा विचार टाइपरायटरच्या जमान्यातला. जर्मनीत १९२६ साली एका अभ्यासकाने कळांचे दोन गट करून ते तिरके ठेवावेत असं सुचवलं होतं. १९७०च्या दशकात ब्रिटनमध्ये माल्ट्रॉन नावाचा कीबोर्ड आला. बोटांची लांबी सारखी नसते, म्हणून त्यातल्या कळा दोन खोलगट भागांत बसवलेल्या होत्या. सपाट सर्किट बोर्ड अशा खोलगटात बसत नाही, त्यामुळे स्विच हातानेच वायरने जोडले जात. १९९३-९४मध्ये दोन मोठ्या अमेरिकन कंपन्यांनी मधोमध फाकणारे किंवा उंचावलेले कीबोर्ड विकायला काढले. पण ते एकसंधच होते, हात खांद्याइतके दूर ठेवायची सोय त्यांत नव्हती.

घरी बसून कीबोर्ड बनवणाऱ्यांचा इतिहास सुरू होतो तो २०११-१२पासून. ७६ कळांचा, दोन सुट्या भागांचा एर्गोडॉक्स त्याच सुमारास आला. त्याची आरेखनं सगळ्यांना खुली होती आणि सुटे भाग लोकांनी एकत्र मागणी नोंदवून मिळवले. प्लास्टिकचे थर रचणाऱ्या थ्रीडी प्रिंटिंगचं मूळ पेटंट २००९मध्ये संपलेलं होतं, त्यामुळे प्रिंटर घरोघरी येऊ लागले होते. कळांखाली बसणाऱ्या एमएक्स स्विचच्या पेटंटची मुदत २०१४च्या आसपास संपली आणि त्याच मापाचे चिनी स्विच स्वस्तात मिळू लागले. या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे टीएमके आणि त्यातून फुटलेलं क्यूएमके, ही मोफत फर्मवेअर, म्हणजे कीबोर्डच्या चिपमध्ये चालणारे प्रोग्राम. कुठली कळ काय करणार हे तोवर कारखान्यात ठरायचं, आता ते बनवणाऱ्याच्या हातात आलं. ही फर्मवेअर नसती तर बाकीचं स्वस्त होऊनही फारसं काही घडलं नसतं.

२०१५मध्ये डॅक्टिल हा घरी बनवायचा दुभागी कीबोर्ड आला. त्याचं कवच प्रोग्राम लिहून तयार केलेलं होतं, ओळींची संख्या किंवा वक्रता बदलली की नवा आकार मिळायचा. तोही माल्ट्रॉनसारखाच खोलगट, म्हणून पुन्हा हाताने वायरिंग आलं. कळा आडव्या-उभ्या तारांच्या जाळीत जोडतात. स्विच १४ मिलिमीटरच्या चौकोनी भोकात खटकन बसतो. त्याच्या एका पायाला १एन४१४८ डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) सोल्डर करायचा आणि डायोडची दुसरी तार वाकवून शेजारच्या डायोडच्या तारेला जोडत जायची, म्हणजे आडव्या ओळीला वेगळी वायर लागत नाही. उभ्या ओळींसाठी लॅन केबल सोलून निघणारी एकेरी तांब्याची तार उत्तम. आवरण ठरावीक अंतरावर सरकवायचं आणि उघड्या पडलेल्या तांब्यावर सोल्डरचा थेंब सोडायचा. डायोडच नसले तर चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरच्या कळा एकदम दाबल्यावर चौथी न दाबताच उमटते. एखादाच डायोड उलटा बसला तर तेवढी एक कळ मुकी राहते, आणि ती चटकन सापडतेही.

खरा वाद दोन भागांमधल्या केबलचा आहे, म्हणजे तिच्यासाठी कुठला जॅक वापरावा याचा. एर्गोडॉक्सने त्यासाठी टीआरआरएस जॅक घेतला, म्हणजे माइक असलेल्या इअरफोनला असतो तसा चार कड्यांचा. तो स्वस्त, आटोपशीर, आणि चार तारा पुरेशा होत्या: पाच व्होल्ट, ग्राउंड (शून्य व्होल्टची तार) आणि डेटाच्या दोन. गाण्यांसाठी वापरतात ती ऑक्स केबल दिसायला तशीच असते, पण तिच्यावर कड्या तीनच. तिच्या भरवशावर राहिलेल्यांचा दिवस फुकट जातो.

या जॅकचा दोष त्याच्या घडणीतच आहे. पिन आत सरकताना तिचं टोक वाटेतल्या धातूच्या प्रत्येक पत्रीला घासत जातं. यूएसबी चालू असताना केबल काढली किंवा घातली, तर पाच व्होल्ट क्षणभर ग्राउंडला किंवा डेटाच्या पिनेला भिडू शकतात. म्हणून ‘आधी यूएसबी काढा’ ही ताकीद सगळीकडे दिली जाते. टीआरआरएसची बाजू घेणारे म्हणतात, एवढं पाळलं की झालं. पण रोज हाताळायच्या वस्तूची सुरक्षितता वापरणाऱ्याच्या आठवणीवर सोडणं मला पटत नाही.

डॅक्टिल मॅन्युफॉर्म या पुढच्या अवतारात टेलिफोनच्या रिसिव्हरला असतो तो आरजे९ जॅक होता. त्यातल्या तारा समांतर असतात, आत जाताना एकमेकींच्या जागी जात नाहीत, शिवाय खटका असल्याने केबल ओढली जाऊन निघत नाही. उंच, पोकळ कवचात त्याला जागाही होती. मग २०१८च्या सुमारास जपानमधून ४२ कळांच्या कॉर्नसारखे बुटके कीबोर्ड आले. तेवढ्या उंचीत आरजे९ मावणं शक्य नव्हतं, टीआरआरएस मावला. ते लोकप्रिय झाले आणि मागाहून हाताने वायर करणाऱ्यांनीही आरजे९ची जागा बुजवून टीआरआरएसचं भोक पाडलं. गरज सपाट बोर्डाची होती, रूढी सगळ्यांची झाली.

२०२१मध्ये कीबोर्ड चालवणारी आरपी२०४० चिप आल्यावर टीआरआरएसचा हा निर्णय आणखी महागात पडू लागला. आधीची एटीमेगा३२यू४ बहुतेक बोर्डांवर पाच व्होल्टवरच चालायची, त्यामुळे डेटाच्या पिनेला पाच व्होल्ट लागले तरी बरेचदा निभावायचं. नव्या चिपच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, पाच व्होल्ट त्यांच्यासाठी नाहीत. काहींनी दोन्ही भागांत यूएसबी-सी बसवलं. त्यात घासण्याचा प्रश्न मिटतो, पण मधल्या जोडणीच्या भोकात कोणी चार्जर खुपसला तर काय, हा नवा प्रश्न उभा राहतो. २०२०पासूनच्या झेडएमके फर्मवेअरने ब्लूटूथ आणलं आणि केबलच काढून टाकली. मग दोन्ही भागांत बॅटऱ्या आल्या.

मराठी लिहिणाऱ्यांना मधली फट मुळातच सोयीची आहे. भारतीय लिप्यांसाठी १९८६मध्ये ठरलेल्या इनस्क्रिप्ट मांडणीत वरच्या दोन्ही अक्षर-ओळींमध्ये स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला येतात. सीमा बरोबर तिथेच पडते जिथे कीबोर्ड दुभागतो. अडचण येते ती कळा कमी करताना. इंग्रजीला प्रत्येक भागात पाच उभ्या ओळी पुरतात, म्हणून ३६ कळांचे आराखडे लोकप्रिय आहेत. इनस्क्रिप्टमध्ये मात्र ट आणि ड उजवीकडच्या सहाव्या ओळीत असतात. ती ओळ ठेवली आणि बॅकस्पेस अंगठ्याखाली नेला, की दोन्ही अक्षरं जागेवर राहतात. ॉ, ॅ आणि ृ यांसारख्यांना मात्र दुसऱ्या थरात, म्हणजे एक कळ दाबून धरल्यावर उमटणाऱ्या अक्षरांत, पाठवावं लागतं.