टायरच्या आतला नियम, टायरच्या बाहेरचा नियम

मे महिन्यात इंदुरातल्या ए.बी. रोडवरच्या कुठल्याही पंक्चरवाल्याकडे गाडी उभी करा. पाइप व्हॉल्व्हला लावायच्या आधीच तो सांगतो, "गर्मी है साहब, दो पॉइंट कम रखते हैं, नहीं तो टायर फट जाएगा." इथं हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, आणि चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांना त्यावर मान डोलावताना इतक्या वेळा पाहिलंय, की एकदा सविस्तर लिहायचंच होतं. निमित्त भाच्यानं दिलं. आपली दोन सीटांची स्पोर्ट्स कार ट्रकवर चढवून तो चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला ट्रॅक डेसाठी निघाला होता. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. पैसे भरून आपलीच गाडी बंदिस्त ट्रॅकवर मनसोक्त पळवायचा दिवस. त्याचा प्रश्न सरळ होता: "मामा, तुम्ही म्हणता हवा कमी करू नकोस. ट्रॅकवर जाणारे सगळे म्हणतात चार पीएसआय कमी कर. खरं कोणाचं?" (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप, दर चौरस इंचाला इतके पाउंड; पंक्चरवाल्याचा "पॉइंट" तोच.)

दोघांचंही खरं आहे. चुकतो तो पंक्चरवाला.

हे समजून घ्यायला तीनशे वर्षं मागे जाऊ. गीयोम आमोंतों नावाचा एक फ्रेंच संशोधक होता. लहानपणीच त्याला ऐकू येईनासं झालं होतं. १६९९ मध्ये त्यानं घर्षणाचे नियम मांडले: घर्षण भाराच्या प्रमाणात वाढतं आणि टेकलेल्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं. आपण शाळेत शिकतो ते हेच. त्याच माणसानं १७०२ मध्ये दाखवलं की बंदिस्त हवा गार पाण्याच्या तापमानापासून उकळत्या पाण्याच्या तापमानापर्यंत नेली, तर तिचा दाब सुमारे एक तृतीयांशानं वाढतो. टायरच्या आतली हवा आमोंतोंचा हा दुसरा नियम तंतोतंत पाळते. टायरचं रबर मात्र त्याचा पहिला नियम धाब्यावर बसवतं. ट्रॅक डेचं सगळं गणित या दोन गोष्टींत आहे.

आधी हवा. गेजवर ३३ पीएसआय दिसतात तेव्हा खरा दाब तेवढाच नसतो. बाहेरच्या वातावरणाचे, समुद्रसपाटीला १४.७, त्यात मिळवायचे. इंदूर सुमारे ५५० मीटर उंचावर, त्यामुळे इथं वातावरणाचा दाब १३.८ च्या आसपास. म्हणजे इंदुरात ३३ दाखवणारा टायर त्याच तापमानाला चेन्नईत ३२ च्या आसपास दाखवेल, एक फुंकरही हवा बाहेर न जाता. भाच्याला मी पहिलं हेच सांगितलं: घरी भरलेल्या आकड्यावर विसंबू नकोस, तिथं पोचून मोज.

आता रबर, आणि इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण रबराची सगळी करामत रेंगाळण्यातच आहे. पोरांचा उसळणारा चेंडू कमरेच्या उंचीवरून सोडा, तो जवळजवळ तितकाच वर येतो. शर्यतीच्या टायरचा एक जाड तुकडा मी फरशीवर टाकून पाहिलाय: धप्प. जिथं पडला तिथंच. मग पडण्याची ऊर्जा गेली कुठं? रबराच्या पोटात, उष्णता होऊन. रबर म्हणजे लांबलचक रेणूंचा शेवयांसारखा गुंता. दाबलं की रेणू एकमेकांवरून सरकतात, सोडलं की परत येतात, पण उशिरा. या उशिराला हिस्टेरेसिस म्हणतात.

रस्ता म्हणजे डांबरात रुतलेली खडी. टायर किंचित घसरत एका खड्यावरून जातो तेव्हा खड्याच्या पुढच्या बाजूला रबर जोरात दाबलं जातं. मागच्या बाजूला त्यानं लगेच खाचेत उतरून तितक्याच जोरानं उलट ढकलायला हवं, पण ते रेंगाळतं. पुढून जोर जास्त, मागून कमी; ही तफावत म्हणजे पकड. (रेणूंचं डांबराला चिकटणं हा पकडीचा दुसरा भाग.) रबर फार गार असेल तर ते खाचांत उतरतच नाही. फार तापलं तर रेणू इतके चपळ होतात की रेंगाळणंच संपतं. म्हणून ट्रॅकवरच्या सेमी-स्लिक, म्हणजे अगदी कमी खाचा असलेल्या टायरला साधारण ८० ते १०० अंशांचा पट्टा मानवतो.

यात वेळेचा हिशेबही आहे. खड्यांची टोकं एक मिलिमीटरवर असतील आणि रबर सेकंदाला एक मीटर घसरत असेल, तर सेकंदाला १००० धक्के. खड्याच्या पाठीवरचा १० मायक्रॉनचा (मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा) खरखरीतपणा धरला तर एक लाख. चाकाचा परीघ दोन मीटर धरला तर ताशी १०० किलोमीटरला ते सेकंदाला फक्त १४ वेळा फिरतं, आणि ट्रेडचा, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्याचा, प्रत्येक भाग तितक्याच वेळा चेपतो. १४ च्या ठेक्यातलं रेंगाळणं म्हणजे नुसती उष्णता आणि वाया गेलेलं पेट्रोल. हजार-लाखाच्या ठेक्यातलं रेंगाळणं म्हणजे पकड. रबराच्या लेखी ठेका वाढवणं आणि तापमान उतरवणं सारखंच, म्हणून एकच रबर दोन ठेक्यांना दोन तऱ्हांनी वागतं. १९९२ मध्ये मिशेलिननं सिलिका मिसळलेला टायर आणला, त्यामागची कल्पना हीच: पहिलं रेंगाळणं कमी, दुसरं शाबूत.

पंक्चरवाल्याची चूक आता दिसेल. हवा कमी म्हणजे ते १४ वेळचं चेपणं जास्त खोल. साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, जास्त वाकते, जास्त तापते, आणि रबर उष्णतेचं मंद वाहक असल्यानं ती आतच साचते. टायरचे थर सुटतात ते या उष्णतेनं. उन्हानं वाढलेले चार पीएसआय धडधाकट टायर सहज पेलतो.

मग ट्रॅकवर कमी का? कारण गाडीवरच्या स्टिकरचा ३३ हा गार टायरचा आकडा आहे, आणि रस्त्यावरची वाढ त्यात गृहीत धरलेली आहे. आतली हवा २७ अंशांवरून ५२ वर गेली की गेज ३७ दाखवतो. ट्रॅकवर ब्रेकची धग रिममधून आत येते, वळणावळणाला रबर ओरबाडलं जातं, आणि आतली हवा ७५ पर्यंत चढते. ३३ नं सुरुवात केली तर गेज ४० च्या वर. टायर मध्यभागी फुगतो, टेकलेला भाग आक्रसतो. आमोंतोंच्या नियमानं त्यानं फरक पडायला नको, पण रबराला पडतो: तोच भार कमी जागेवर आला की पकड घटते. २९ नं सुरुवात केली तर ७५ अंशांना बरोबर ३६ येतात. म्हणजे रस्त्यावर ३३ आणि ट्रॅकवर २९ भरणारे दोघंही तापल्यावर जवळपास एकाच ठिकाणी पोचतात. योग्य दाब हा तापलेल्या टायरचा आकडा आहे.

पेट्रोल पंपांवर हिरव्या टोप्या लावून "नायट्रोजन फुगत नाही" असं सांगतात. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि तापल्यावर दोन्ही सारखेच वाढतात. खरा शत्रू पाणी. कॉम्प्रेसरच्या टाकीतून जेमतेम दीड चमचा पाणी टायरमध्ये गेलं, तर ७५ अंशांना त्याची वाफ एकटी पाच पीएसआय वाढवू शकते. नायट्रोजन कोरडा असतो, हाच त्याचा गुण. कोरडी हवाही तेच काम करते. आणि चाकाखाली लिंबू चिरडून यातलं काहीच होत नाही. तो पैसा चांगल्या गेजमध्ये घालावा.

भाच्यानं तसंच केलं. सकाळी गार टायरमध्ये २९, टायरच्या खांद्यावर, म्हणजे ट्रेड आणि साइडवॉल जुळतात तिथं, खडूच्या रेघा. चार फेऱ्या मारून थेट आत, आणि मिनिटभरात मोजणी: उजवीकडे ३६, डावीकडे ३८. घड्याळाच्या दिशेनं फिरताना उजवी वळणं जास्त, भार डाव्या चाकांवर, म्हणून तीच जास्त तापतात. डावीकडचे दोन सोडले. खडू ट्रेडच्या कडेपर्यंतच पुसला होता. साइडवॉलवर उतरला असता तर हवा कमी म्हणायची. दुपारी डांबर तापल्यावर चारही परत ३८ वर गेले, परत दोन सोडले. संध्याकाळी गार झाल्यावर गेजवर २८ सुद्धा नीट भरत नव्हते. त्या हवेवर हायवेला लागणं म्हणजे पंक्चरवाल्याचाच सल्ला ऐकणं. दुसऱ्या दिवशी सकाळी, ट्रकवर चढवायच्या आधी, त्यानं चारही चाकं ३३ वर आणली. इंदुरात, लोकमान्य नगरात गाडी उतरवली तीही तशाच सकाळी. गेज जवळजवळ ३४ दाखवत होता.