टर्नटेबलचा आवाज सुधारायचा आहे? आधी मागचं वजन तपासा

(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

‘नवीन कार्ट्रिज (सुई बसवलेला पुढचा भाग) बसवलं, तरी वरचे सूर फाटतात’ ही तक्रार आमच्याकडे सारखी येते. तपासल्यावर बहुतेक वेळा कार्ट्रिज ठणठणीत निघतं. चुकलेलं असतं ते टोनआर्मच्या, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याच्या, मागच्या वजनाचं सेटिंग. सुई रेकॉर्डवर किती भाराने टेकते ते यावरच ठरतं. त्यात तुमची फेरी वाया जाते आणि आमचा तास. म्हणून काही विकत घेण्याआधी एवढं घरीच करून पाहा.

मागच्या वजनावर आकड्यांची रिंग असते. ती वजन जागचं न हलवताही सुटी फिरते, आणि घोळ इथेच होतो. वजन आर्मवर चढवायचं, रिंगवरचा २ रेषेसमोर आणायचा आणि २ ग्रॅम झाले असं समजायचं. प्रत्यक्षात सुईवर अर्धा ग्रॅम असेल किंवा चार. शून्य लावल्याशिवाय रिंगवरच्या आकड्याला काही अर्थ नाही.

शून्य असं लावा. पाणसळ ठेवून टर्नटेबल सपाट आहे ना ते बघा. अँटीस्केटिंग (आर्म आत ओढला जाऊ नये म्हणून असलेलं बटण) ० वर न्या. सुईवरचं प्लास्टिकचं टोपण काढा, कारण ते राहिलं तर त्याचंही वजन हिशेबात येतं. आर्म वर-खाली करायची लिव्हर खाली करा, आर्म हेडशेलच्या (कार्ट्रिज जिथे बसतं त्या टोकाच्या) कडीला बोट लावून रेस्टच्या बाहेर घ्या आणि मागचं वजन थोडंथोडं फिरवत जा. आर्म हवेत आडवा तरंगला पाहिजे, पुढे झुकू नये, मागेही नको. सुई थाळीवर आपटणार नाही याची काळजी घ्या. तरंगला की आर्म रेस्टवर ठेवून लॉक करा. आता वजन एका हाताने घट्ट धरून फक्त रिंग ० वर आणा. त्यानंतर वजन आणि रिंग दोन्ही एकत्र, आकडा वाढेल त्या बाजूला, कार्ट्रिजच्या कागदावर दिलेल्या ग्रॅमपर्यंत फिरवा. शेवटी अँटीस्केटिंगही त्याच आकड्यावर ठेवा.

ऑडिओ टेक्निका व्हीएम९५ईला २.० ग्रॅम लागतात (१.८ ते २.२ चालतात), ऑर्टोफॉन २एम रेडला १.८. दुसऱ्या कुठल्या कार्ट्रिजचा कागद हरवला असेल तर अंदाजाने लावू नका, मॉडेल सांगून आम्हाला विचारा.

‘सुईवरचं वजन कमी ठेवलं की रेकॉर्ड कमी झिजते’ हा समज जुना आहे आणि चुकीचा आहे. खाचेच्या दोन भिंती असतात, एकीवर डावा चॅनल, दुसरीवर उजवा. वजन कमी पडलं की मोठ्या आवाजाच्या जागी सुई भिंतीवरून सुटते आणि परत आदळते. ‘स’, ‘श’, ‘च’ थुंकल्यासारखे येतात, हार्मोनियम खरखरते, आणि रेकॉर्डच्या आतल्या टोकाला, शेवटच्या गाण्यात, हे सगळं जास्त जाणवतं. भिंतीला पडलेला टवका नंतर कितीही महाग सुई लावली तरी वाजतच राहतो. उलटं टोकही वाईट. सुई उडते म्हणून हेडशेलवर रुपयाचं नाणं चिकटवलेले टर्नटेबल आम्ही अधूनमधून पाहतो. नाण्याचे एकट्याचे तीन ग्रॅमच्या वर भरतात. दोन ग्रॅमच्या सुईवर एकूण पाच!

रिंगही थोडी इकडेतिकडे असू शकते, म्हणून आम्ही सुईवरचं वजन ०.०१ ग्रॅमच्या डिजिटल काट्यावर मोजतो, तेही पंखा बंद करून. सराफाचा काटा चालेल का, असं विचारलं जातं. बारीक मोजतो खरा, पण त्याचं ताट उंच असतं, आणि आर्म वर उचललेला असताना आलेला आकडा रेकॉर्डवर टिकत नाही. मोजमाप रेकॉर्डच्या पातळीलाच हवं.

कार्ट्रिज बसवण्याचे पैसे वेगळे का, हा पुढचा प्रश्न. दोन स्क्रू आणि चार वायरी (पांढरी, निळी, लाल, हिरवी) एवढंच काम असतं तर घेतले नसते. सुई रेकॉर्डच्या मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटर या दोन्ही ठिकाणी खाचेला सरळ बसावी लागते, आणि एक जागा जुळवली की दुसरी हलते. बाहेरून घेतलेलं कार्ट्रिजही आम्ही त्याच दरात बसवतो.

खर्च करायचाच असेल तर सुईपासून सुरुवात करा. ऑडिओ टेक्निका त्यांच्या एलिप्टिकल (लंबगोल टोकाच्या) सुईचं आयुष्य साधारण ३०० तास सांगते, मायक्रोलिनियरचं (आणखी बारीक घडवलेल्या टोकाच्या सुईचं) १,०००. रोज एक एलपी पूर्ण ऐकणाऱ्याची एलिप्टिकल सुई वर्ष-सव्वा वर्षात संपते. व्हीएम९५ मालिकेत बॉडी तीच ठेवून फक्त सुई बदलता येते, त्यामुळे ‘ई’ (एलिप्टिकल) काढून ‘एमएल’ (मायक्रोलिनियर) लावणं ही पैशाला सर्वात जागणारी सुधारणा, असं आमचं मत. शेवटच्या गाण्यातला फरक दुकानात ऐकून मगच ठरवा. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांना मात्र वेगळीच सुई लागते. त्यांची खाच एलपीपेक्षा बरीच रुंद, म्हणून एलपीची सुई तळाशी घासत जाते आणि खरखर वाढते. घरात आजोबांच्या नाट्यसंगीताच्या तबकड्या असतील तर व्हीएम९५च्या बॉडीवर ‘एसपी’ सुई बसते, पण तिला ५ ग्रॅम लागतात. म्हणजे सुई बदलताना दर वेळी वजनही बदलायचं. आणि लाखेच्या या तबकड्या स्पिरिटने पुसू नका, लाख विरघळते.

त्यानंतर फोनो प्रीअॅम्प, म्हणजे सुईचा बारीक सिग्नल अॅम्प्लिफायरच्या आधी वाढवणारा भाग. टर्नटेबलमध्येच प्रीअॅम्प असेल तर मागचं बटण ‘लाइन’वर ठेवून अॅम्प्लिफायरच्या साध्या इनपुटला जोडा. ‘लाइन’वर ठेवून ‘फोनो’ इनपुटला दिलंत, तर आवाज घुमतो आणि फाटतो. घूं असा आवाज येत असेल तर अर्थची बारीक वायर सुटली आहे का ते आधी बघा. भारी केबल सगळ्यात शेवटी, आणि तीही लागली तरच.

आपल्या गावच्या दोन गोष्टी. आसपास यंत्रमाग असेल तर त्याचा थरथराट फरशीतून सुईपर्यंत पोचतो. टर्नटेबल भिंतीत पक्क्या बसवलेल्या फळीवर ठेवा. खाली सोलापुरी चादरीची घडी घालू नका, थर दबतो आणि पाणसळ बिघडते. मागातून उडणारी कापसाची पिंजही सुईला चिकटते. कोरड्या ब्रशने मागून पुढे, फक्त पुढे, झाडा. दुसरं, उन्हाळ्यात रेकॉर्ड उभ्याच ठेवा, आणि पत्र्याच्या खोलीत तर अजिबात नको.

अमेरिकेतून आणलेला जुना टर्नटेबल असेल तर बहुतेक वेळा ट्रान्सफॉर्मर लावून भागत नाही. सिंक्रोनस मोटर (विजेच्या हर्ट्झवर जिचा वेग ठरतो ती) तिकडच्या ६० ऐवजी आपल्या ५० हर्ट्झवर सहाव्या हिश्शाने हळू फिरते, थाळीच्या मिनिटाला ३३ फेऱ्यांच्या जागी जेमतेम २८. पुली बदलावी लागते. ती मॉडेलनुसार मिळते, आधी विचारून या.

दुकानात टर्नटेबल आणताना सुईला टोपण लावा, आर्म लॉक करा, मागचं वजन आणि थाळी काढून वेगळी गुंडाळा. थाळी आत ठेवून रिक्षातून आणलेल्या टर्नटेबलचं बेअरिंग दुखावतं, त्याची जबाबदारी आम्ही घेत नाही. सोबत जिथे आवाज फाटतो ती रेकॉर्ड आणा, गाणं कितवं तेही लिहून ठेवा.